शुगर-फ्री म्हणजे निर्धास्त नव्हे

'शुगर-फ्री असलं की बिनधास्त खावं' हे मत मला पटत नाही. मी पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचते. ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५५ म्हणजे सुक्रालोज; दोन्ही साखरेऐवजी वापरायचे कृत्रिम गोडवे. हे आकडे दिसले की पाकीट परत फळीवर. साखर घातलेल्या काही पेयांतही हे असतात, त्यामुळे पुढचं 'शुगर-फ्री' वाचून भागत नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवायला असे गोडवे वापरू नका असा सल्ला दिला, पण तो आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता. म्हणून सासऱ्यांच्या चहातल्या गोळीला माझी हरकत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. त्यांना घरचं कोकम सरबतच देते, साखर बेताची आणि चिमूटभर जिरेपूड. कमी गोडही त्यांना आता आवडू लागलंय.