सहा जण, बारा हजार डॉलर आणि एक मसल कार: आधी ते मस्टँगचं भूत उतरवा

नटबोल्ट_नोव्हाय

परवा मी साधा प्रश्न टाकला होता. आम्ही ढोल पथकातले सहा जण मिळून एक जुनी मसल कार (साठ-सत्तरच्या दशकातली मोठ्या, दमदार इंजिनाची अमेरिकन गाडी) उभी करणार, सगळं धरून बजेट 12 हजार डॉलर, जागा म्हणजे मिशिगनमधलं माझं दोन गाड्यांचं गॅरेज (त्यातली एक जागा बायकोच्या गाडीची, त्यावर चर्चा नाही), तर कोणती घ्यावी? त्यावर एका महाशयांचं उत्तर आलं, "1969 ची फोर्ड मस्टँग फास्टबॅक घ्या, स्वप्न बघायचं तर मोठं बघा, सगळे पार्ट नवे मिळतात, सहा जणांत सहा महिन्यांत होईल." वर चाळीस लोकांचे अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून सविस्तर लिहितोय.

अहो 12 हजारात 69 ची फास्टबॅक (मागे उतरत्या छताची मस्टँग) म्हणजे गंजलेला सांगाडा आणि व्हिनची, म्हणजे गाडीच्या नंबराची, पट्टी. पार्ट सगळे मिळतात हे खरंय, म्हणूनच तर माणूस घेत सुटतो आणि शेवटी घर गहाण टाकतो. गेल्या महिन्यात टोलेडोजवळ एक 67 ची मस्टँग कूपे (साध्या छताची, दोन दारांची) बघायला गेलो होतो, वरून लाल चकाचक. मालकाला म्हटलं जरा पाणी द्या प्यायला. काचेखाली जी जाळी असते ना, काउल, त्यात बाटली हळूहळू रिकामी केली आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवा झालो. दहा सेकंदांत थेट कपाळावर अभिषेक. आता तो काउल बदलायचा तर सगळे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने काढा, दोन पॅनल सुटे करा, परत बसवा. पुढे बघतो तर चाकाला चारच नट, म्हणजे मूळची सहा सिलिंडरची. व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, टाकायचं तर पुढची स्पिंडल, ब्रेक, मागचा अ‍ॅक्सल सगळंच आलं. मालक म्हणे 14 हजार फर्म, घासाघीस नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. 1970 पासूनची प्लिमथ डस्टर, 318 वाली (म्हणजे 318 घन इंचांचं व्ही-8 इंजिन), नाहीतर 68 ते 74 मधली शेव्हरोले नोव्हा. डस्टरमध्ये मोठ्या 340 इंजिनचं नावही काढू नका, तेवढे पैसे आपले नाहीत. नोव्हाचा पुढचा सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाकं ज्यावर बसतात तो सांगाडा) 67 ते 69 च्या शेव्हरोले कॅमॅरोचाच, त्यामुळे कॅमॅरोवाल्यांसाठी बनलेला अर्धा बाजार आपल्याला फुकटात उघडा. बोला आता.

मस्टँगवेडा

ते महाशय मीच. नाव घेऊन बोलला असतात तरी चाललं असतं.

मुद्दा साधा आहे. 17 एप्रिल 1964 ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये ही गाडी आली आणि आजतागायत रस्त्यावर लहान पोरगंसुद्धा ती ओळखतं. सहा लोकांना शनिवारी सकाळी झोपेतून उठवून गंज खरवडायला बोलवायचं असेल तर समोर काहीतरी तसं हवं की नको? डस्टरसाठी कोण उठणार? गावी फोटो पाठवलात तर काका विचारतील रेनॉची का.

स्लँटसिक्स

रेनॉचं हसू आलं, मान्य. पण मस्टँग मुळात मसल कारच नाही, पोनी कार (लहान, स्पोर्टी गाडी) आहे. मसल कार म्हणजे 1964 ची पाँटियाक जीटीओ, मधल्या आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत गुपचूप मोठं 389 इंजिन कोंबलं ती. हा वाद मी बारा वर्षं घालतोय आणि घालत राहणार.

माझ्याकडे 70 ची डस्टर आहे, 225 स्लँट सिक्स (तिरकं बसवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन), म्हणजे मीही मसलवाला नाही हे कबूल, कोणी बोट दाखवायच्या आधीच सांगतो. यंत्र म्हणून इतकी सोपी गाडी नाही, बॉनेट उघडलं की खाली जमीन दिसते. तीन गोष्टी बघा. टॉर्शन बार (पुढच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया) मागे जिथे अडकतात तो क्रॉसमेंबर, म्हणजे आडवी पट्टी, तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा, आत गेला तर नमस्कार करून परत फिरा. दुसरं, 72 पर्यंतच्या चाकांचा बोल्ट पॅटर्न लहान, 4 इंची वर्तुळावर 5 नट, मनासारखी चाकं मिळत नाहीत, म्हणून 73 पासूनच्या एखाद्या गाडीचे पुढचे डिस्क ब्रेक उचलायचे. आणि तिसरं, ज्याच्यात माझी इज्जत गेली. ड्रायव्हरच्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असतात. मला माहीत नव्हतं. मी आणि मेव्हणा चार फुटी पाइप लावून लोंबकळलो, तीन स्टड कडाकडा मोडले. मग शेजारचे सत्तरीचे आजोबा आले, टॉर्च मारली, स्टडच्या टोकावर छोटासा एल (लेफ्टचा) कोरलेला. काही न बोलता निघून गेले, तेच जास्त लागलं.

अण्णा_ह्यूस्टन

मिशिगनमधली गाडी घेताच कशाला? तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, लोणचं घालतात गाडीचं. टेक्सास, अ‍ॅरिझोनाची घ्या, ट्रकने आणा, भाडं गेलं तरी पत्र्यात वसूल. इकडच्या गाडीची सीट आणि डॅश उन्हाने फाटलेला असतो पण खाली लोखंड असतं.

आणि कोणती गाडी ते राहू द्या, आधी सांगा टायटल, म्हणजे मालकीचा कागद, कोणाच्या नावावर? 2011 साली आम्ही पाच जणांनी 71 ची शेव्हरोले शेव्हेल घेतली. बॅज एसएसचा (महागड्या, दमदार मॉडेलचा), बिल्ड शीट, म्हणजे कारखान्याचा कागद, नाही, आणि त्या वर्षीच्या व्हिनवरून एसएस आहे की नाही कळत नाही, हे नंतर कळलं. पण तो मूर्खपणा बाजूला ठेवा. टायटल ज्याच्या गॅरेजमध्ये गाडी त्याच्या नावावर. दीड वर्ष शनिवार-रविवार घासली. मग त्याला सिएटलला नोकरी लागली, घर विकायला काढलं आणि एक दिवस गाडी पण गेली. "अरे घाई होती, हिशोब करू." अजून करतोय. माझे 2300 डॉलर आणि दोन उन्हाळे. भारतात गेलो की त्याच्या आईकडे जेवून येतो, पण त्याच्याशी बोलत नाही.

मस्टँगवेडा

अण्णा वाईट झालं, पण मित्रांमध्ये कागद करायचा म्हणजे मैत्रीवर अविश्वासच की. आम्ही वीस वर्षं गणपतीची वर्गणी गोळा करतोय, एक पावती चुकलेली नाही.

अण्णा_ह्यूस्टन

पावत्या असतात म्हणूनच चुकत नाही हो!! तोच तर कागद.

मिरजेची_मीनल

या विषयावर मला बोलायचंच होतं. अण्णांची गाडी पळाली, आमची तशीच राहिली आणि माणसं पळाली. 2017 मध्ये आठ जणांनी हौसेने 74 ची नोव्हा घेतली. पहिल्या शनिवारी आठ, दुसऱ्या शनिवारी आठ आणि फोटो, मग पाच, मग मी आणि एक काका. मी कम्युनिटी कॉलेजात एक सेमिस्टर मिग वेल्डिंग शिकलेय, ट्रंकचा अख्खा फ्लोअर मी टाकलाय, सलग नाही, टाके घालत घालत, इकडे एक तिकडे एक, नाहीतर पत्रा तापून पापडासारखा वाकतो. आणि उरलेले शूरवीर दुपारी येऊन विचारायचे, "मीनल, पोहे करतेस का?" हेल्मेट डोक्यावर असताना.

त्यामुळे माझं म्हणणं, टायटल गॅरेजवाल्याच्या नावावर अजिबात नको आणि सहा नावं पण नकोत, विकताना एक जण दुबईत असला की बसलात. ज्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नाही अशा दोघांच्या नावावर ठेवा. आणि पैशाबरोबर तासांचाही हिशोब लिहा. 2000 डॉलर देऊन घरी बसणारा आणि दोनशे तास गंज खाणारा, दोघांचा वाटा सारखा कसा?

नटबोल्ट_नोव्हाय

मीनलताई तासांचं पटलं, पण टायटल गॅरेजवाल्याकडे नको हे काय? इन्शुरन्स मी भरणार, थंडीत हीटर माझा, कॉलनीच्या कमिटीची नोटीस मला येणार, बायकोची बोलणी मी खाणार, आणि कागदावर नाव दुसऱ्याचं?

मिरजेची_मीनल

हो. ते सगळं तासांच्या वहीत लिहा, बोलणीसकट.

पथकातला_पाचवा

मी या सहांपैकी एक, आज कळलं की आपण 12 हजार ठरवलेत. माझ्या कानावर 8 आलं होतं.

नटबोल्ट_नोव्हाय

तू मीटिंगला होतास. झोपला होतास.

पथकातला_पाचवा

मीटिंग तालमीनंतर रात्री अकराला ठेवल्यावर काय होणार.

शनिवारपेठी

अमेरिकेतल्या मंडळींना कळकळीचं सांगणं, मसल कार हवी तर कॉन्टेसा. डौल बघा, पुढून बघा. आमच्याकडे आहे, 92 पासून, खंबाटकी घाटात मागे पाच माणसं आणि वर बिस्तरे असताना तिसऱ्यावर चढायची. तिला आता कोणी विचारत नाही, पंधरा वर्षांचा नियम करून आपणच आपला वारसा भंगारात घातला.

स्लँटसिक्स

काका, कॉन्टेसा म्हणजे व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा साचा आणि पुढे अठराशे सीसीचं इसुझू इंजिन. गाडी गोड आहे, माझ्या मामाकडे होती, पण मसल कुठून आली?

शनिवारपेठी

चेहऱ्यातून. आणि तुमच्या सहा सिलिंडरच्या डस्टरमध्ये तरी कुठून आली? विंटेजची नोंदणी सरकारने 2021 ला आणली खरी, पण अट पन्नास वर्षांची. माझ्या गाडीला पन्नास होतील तेव्हा मी शंभरीला टेकलेला असेन.

मिरजेची_मीनल

काकांनी सहा सिलिंडर काढलंच आहे तर बोलते. चार दारांची डॉज डार्ट किंवा प्लिमथ व्हॅलियंट घ्या ना. डस्टरचंच हाडामांसाचं भावंड, तेच 318 बसतं, तेच टॉर्शन बार, आणि दोन दारं जास्त म्हणून कोणी ढुंकून बघत नाही, त्यामुळे स्वस्त. शिवाय सहा जण आहात, बसणार कुठे?

मस्टँगवेडा

चार दारांची मसल कार म्हणजे बिनतर्रीची मिसळ. माफ करा पण मग कॅमरीच घ्या आणि पट्टे चिकटवा. इथे लोकांना गाडी नकोय, डबा खायला जागा हवीये.

मिरजेची_मीनल

तुम्ही आजवर किती गाड्या उभ्या केल्यात? नुसत्या बघितल्यात नाही, उभ्या.

मस्टँगवेडा

एक. अर्धी. 66 ची कूपे, 2014 पासून गॅरेजमध्ये आहे, इंजिन बाहेर, काउल... हो, काउल सडलाय. झालं समाधान?

अण्णा_ह्यूस्टन

😂😂 सहा महिन्यांत होईल म्हणणारे हेच ना?

मस्टँगवेडा

सहा जण असते तर झाली असती. एकट्यानेच करतोय. मुलगा लहान होता तेव्हा सुरू केली, म्हटलं तो सोळाचा होईल तोवर त्याला चालवायला देऊ. तो आता कॉलेजात आहे आणि बसने जातो. हसा.

नटबोल्ट_नोव्हाय

नाही हो, हसत नाहीये. कुठे राहता? जवळ असाल तर त्या काउलला आम्ही पण हात लावू, शिकायला तरी मिळेल.

मस्टँगवेडा

अ‍ॅन आर्बर. बघू.

स्लँटसिक्स

तेवढं ठीक, पण मूळ प्रश्नाकडे या. एक गोष्ट कोणी बोललं नाही. 72 पासूनच्या गाड्यांचे हॉर्सपावरचे आकडे वाचून लोक नाक मुरडतात आणि तिथेच स्वस्त माल मिळतो. तेच 318, 71 ला कागदावर 230, 72 ला 150. इंजिन रातोरात म्हातारं झालं नाही, ग्रॉसवरून (नुसतं इंजिन) नेटवर (गाडीत बसवतात तसं, सगळी जोडणी धरून) मोजायला लागले एवढंच. मोठा बंपर सहन होत असेल तर 73-74 ची डस्टर डोळे झाकून बघा.

अण्णा_ह्यूस्टन

डोळे झाकून बघू नका, चुंबक घेऊन बघा. नोव्हा-डस्टर काही का घ्या, मी आता गाडीवर बोलणार नाही. टायटल लिहून घ्या एवढंच.

मस्टँगवेडा

डस्टर वाईट नाही. कंटाळवाणी आहे पण वाईट नाही. काउलच्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात हे मी एकदाच म्हणणार.

नटबोल्ट_नोव्हाय

पोचलं. तर पुढची बातमी, फ्लिंटजवळ एक 73 ची डस्टर आहे, 318 ऑटोमॅटिक, रंग हिरवा की तपकिरी ते फोटोत कळत नाही, मालक 5500 म्हणतोय. शनिवारी सकाळी निघतोय. आपल्याकडे वार्षिक इन्स्पेक्शनची भानगड नाही आणि हिस्टॉरिक प्लेटवर, म्हणजे जुन्या गाड्यांच्या खास नंबर प्लेटवर, ऑगस्टभर मनसोक्त फिरवता येते, त्यामुळे पुढच्या वर्षी वुडवर्डच्या ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटकडचा जुन्या गाड्यांचा ऑगस्टमधला मेळा) रंग नसला तरी प्रायमरमध्ये नेऊ. टायटलचं गाडीत भांडू, जाऊन-येऊन दीड तास आहे. स्क्रूड्रायव्हर घेतलाय, टॉर्च घेतलीये. बाँडो (गंजाची भोकं बुजवायची लांबी) तपासायला चुंबक कोणाकडे आहे?

पथकातला_पाचवा

फ्रिजवरचा अष्टविनायकाचा आहे, चालेल?

मिरजेची_मीनल

तोच आण. जोरदार चुंबक बाँडोवरूनही चिकटतो, फ्रिजवरचा खरं सांगतो. मागच्या चाकांच्या वर आणि दाराच्या खालच्या कडेला लावून बघा, जिथून पडेल तिथे पत्रा नाही. मी पण येतेय, पोहे तुम्ही आणा.

शनिवारपेठी

कॉन्टेसाला चुंबक कुठेही लावा, चिकटतो.