एपी स्पॅनिश: लेक लिहिते छान, बोलताना गप्प होते. काय करावं?

एडिसनची_आई
नमस्कार मंडळी. लेक अकरावीत आहे, मे महिन्यात एपी (अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा) स्पॅनिश लँग्वेज अँड कल्चर देणार. क्रियापदांचे तक्ते तोंडपाठ आहेत, पण बोलायला सांगितलं की गप्प. आम्हा दोघांना स्पॅनिशचा गंध नाही. पेपर कसा असतो, मार्क कुठे जातात, घरी काय करून घेता येईल? ज्यांच्या मुलांनी दिलीय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ऑस्टिनचा_बाबा
माझ्या मुलाने 2024 मध्ये दिली, तेव्हाचं सांगतो. यंदाचा आराखडा कॉलेज बोर्डाच्या (ही परीक्षा घेणारी संस्था) साइटवर एकदा बघून घ्या.

निम्मे मार्क पर्यायी प्रश्नांना: 65 प्रश्न, 95 मिनिटं. आधी 30 प्रश्न फक्त वाचनावर, मग 35 ऐकण्यावर, त्यात काही ठिकाणी वाचन आणि ऐकणं एकत्र. ध्वनिफीत दोनदा लावतात. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडायचा नाही.

उरलेले निम्मे मार्क चार कामांना, प्रत्येकी साडेबारा टक्के: ईमेलला उत्तर, निबंध, संभाषण आणि सांस्कृतिक तुलना. म्हणजे नुसत्या बोलण्याला एकूण 25 टक्के. आमच्याकडे हे फेब्रुवारीत लक्षात आलं, तोवर सगळा वेळ निबंधात गेला होता.

फळा_खडू
मी इथल्या हायस्कूलमध्ये स्पॅनिश शिकवते. ताई, व्याकरण पक्कं असेल तर अर्धी काळजी सोडा. चारही कामांना प्रत्येकी 0 ते 5 गुण असतात आणि ते एकूण परिणाम बघून देतात. एकेक चूक मोजत नाहीत. वाक्य अडखळलं आणि तिने स्वतःच सुधारलं, तर ते तिच्या बाजूनेच धरलं जातं.

मार्क जातात ते वेगळ्याच जागी. ईमेल औपचारिक असते, तिथे ‘उस्तेद’च (आदरार्थी ‘तुम्ही’) हवं. स्पॅनिशमध्येही ‘तू’ म्हणजे तूच, आणि मुलं सवयीने तेच लिहून मोकळी होतात. आपल्या मुलांना मी सांगते, मुख्याध्यापकांना पत्र लिहिताना ‘तुम्ही’ लिहाल ना, तसंच. शिवाय ईमेलमधल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन आपणही एखादी जास्तीची माहिती विचारायची असते. ते हमखास विसरतात.

निबंधाला लेख, तक्ता किंवा आलेख, आणि ध्वनिफीत असे तीन स्रोत मिळतात. तिन्ही वापरायचे आणि कुठला मुद्दा कुठून घेतला तेही लिहायचं.

संभाषणात पाच वेळा बोलायचं, दर वेळी 20 सेकंद. रूपरेषा आधी वाचायला मिळते. दोन शब्दांत उत्तर देऊन थांबलं की उरलेले सेकंद वाया जातात. उत्तर, मग ‘पोर्के’ (‘कारण की’) म्हणून कारण, मग एक उदाहरण, एवढी सवय लावा.

एडिसनची_आई
खूप आभार. सांस्कृतिक तुलनेत नेमकं काय बोलायचं? तिथे ती सर्वांत जास्त घाबरते.

फळा_खडू
तयारीला चार मिनिटं, बोलायला दोन. स्पॅनिशभाषक जगातला एखादा समाज आणि आपला किंवा आपल्या ओळखीचा समाज, यांची दिलेल्या विषयावर तुलना. इथे आपल्या मुलांकडे खरंच भरपूर आहे! माझ्या एका विद्यार्थिनीने मेक्सिकोतला मृतांचा दिवस आणि आपला पितृपक्ष घेतला होता. तिकडे ओफ्रेंदावर (घरी मांडलेल्या वेदीवर) गेलेल्या माणसाच्या आवडीचं खाणं ठेवतात, इकडे पान वाढून कावळ्याची वाट बघतात. तिकडे सेम्पासूचिलच्या पाकळ्यांनी वाट दाखवतात. सेम्पासूचिल म्हणजे आपला झेंडू! तो मूळचा मेक्सिकोकडचाच, आपल्याकडे मात्र दसऱ्याच्या तोरणात. तिला शब्द शोधावे लागले नाहीत, कारण आजीच्या घरचं ताट तिच्या डोळ्यांसमोर होतं.

फक्त दोन समाजांची वेगवेगळी वर्णनं करून थांबू देऊ नका. ‘एन कांबियो’ (याउलट), ‘आल इग्वाल के’ (च्याप्रमाणेच) असे जोडशब्द वापरून दोन्ही बाजू एकमेकींसमोर ठेवायच्या.

ऑस्टिनचा_बाबा
घरी तुम्ही एवढंच करा: फोनवर टायमर लावा आणि रेकॉर्ड करा. भाषा कळायची गरज नाही, ती कुठे थांबते ते ऐकू येतंच.

एडिसनची_आई
काल रात्री जेवणानंतर पहिली फेरी केली. दोन मिनिटांपैकी 48 सेकंदांवर गप्प झाली. तिसऱ्या वेळी गुढीपाडव्यावर बोलली, तेव्हा टायमर वाजला तरी तिचं वाक्य चालूच होतं. आता रोज एक विषय ठरवलाय, आज आजोबांना फोन करून गावच्या जत्रेबद्दल विचारतेय.