गाभण घोडी थंडीत पाणी पीत नाही, काय करावं?

तापीकाठचा: आमच्याकडे तीन मारवाडी घोड्या आहेत. थोरलीला अकरावा महिना लागलाय. सारंगखेड्याची यात्रा उरकली आणि थंडीनं कहर केला. पहाटे घोडी हौदाला नुसतं तोंड लावते अन् मागं सरते. लीद सुकी, गोळे बारीक. आबा म्हणतात चंदी (दाण्याचा खुराक) वाढव, गूळ चार. मला काही पटेना. झूल घालू का?

पागेतली वहिनी: दादा, आबांचा मान राखून सांगते, चंदी वाढवू नका, वाळला चारा वाढवा. चारा आतड्यात आंबतो, खरी ऊब त्यातूनच मिळते. सुकी लीद म्हणजे पोटशूळाची वर्दी! हौद राहू दे, बादलीत कोमट पाणी द्या, चंदीत थोडं मीठ टाका. आमची लाडकी तर बादलीचा तळ चाटते. (नवऱ्याला चहा उशिरा मिळतो, चालतंय.) अंगावर दाट केस असतील तर झूल नको. वाऱ्याची बाजू पोत्यांनी झाका, वरून हवा खेळती ठेवा, नाहीतर मुताच्या वाफेनं खोकला लागतो.

तापीकाठचा: कोमट पाणी प्यायली! पण आज सडांवर मेणासारखे थेंब दिसतायत.

पागेतली वहिनी: मग बहुतेक एक-दोन दिवसांत व्यायची. रात्री जागा. शिंगरू तासाभरात उभं राहावं, दोन तासांत दूध प्यावं, तीन तासांत वार (जार) पडावी. वार अडकली तर ओढू नका, लगेच डॉक्टर बोलवा.

जुना मोतद्दार: अन् खाली कोरडं गवत जाड अंथरा, भुसा नको. ओल्या शिंगराच्या नाकातोंडात जातो.