बोलणं कांद्यावरून सुरू होतं, पक्षावर येऊन मोडतं. का?

गंगापूररोडकर
८ डिसेंबर २०२३. केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर निफाडच्या मावसभावाने लिहिलं, "ट्रॉलीचं भाडंसुद्धा निघत नाही." मी विचारलं, "मग शहरात काय भावाने घ्यायचा?" प्रश्न साधा होता. उत्तर आलं, "तू त्यांचाच. असंच बोलणार." पाच मिनिटांत कांदा बाजूला राहिला, एकमेकांची खानदानं निघाली. रात्री ॲडमिन काकांनी ग्रुपला कुलूप लावलं. आता फक्त सुप्रभात येतं, तेही काकांचंच.

माणूस काय म्हणतोय यापेक्षा तो कोणाचा, हे आधी बघितलं जातं. पूर्वी असं नव्हतं.

पंचवटीतला
"पूर्वी" म्हणजे कधी? २ मार्च १९३० ला काळाराम मंदिरापाशी सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब येवल्यात म्हणाले, हिंदू म्हणून मरणार नाही. त्या काळातही नाशकात ओट्यांवर सभ्य गप्पा चालतच असतील की. ज्याला ओट्यावर बसूच देत नव्हते, त्याच्याशी बोलणं मोडणार कुठून? आज भांडण होतंय, कारण सगळे बोलायला लागलेत.

गंगापूररोडकर
"पूर्वी" मागे घेतो. पण कुलूप लागलेल्या ग्रुपवर कोण बोलतंय?

लासलगावचा
मला दोघांचंही पटत नाही. बाजार समितीत येऊन बघा. ट्रॅक्टरच्या रांगेत दोन पक्षांचे दोघं शेजारी, चहा एकाच किटलीतला. आयमाय काढतात, पण उद्या पुन्हा त्याच रांगेत उभं राहायचंय, म्हणून टोकाला नेत नाहीत. २०२३ च्याच ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं आणि व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, तेव्हा ज्याने केंद्रातल्या सत्ताधाऱ्यांनाच मत दिलं होतं तो सगळ्यात मोठ्याने सरकारला शिव्या घालत होता. कुणी त्याला "कोणाचा" विचारलं नाही. तुमच्या ग्रुपवर कुणाचं काही अडत नाही, म्हणून तोडणं सोपं.

पंचवटीतला
त्या रांगेत बाया किती असतात?

लासलगावचा
...नसल्यातच जमा. खळ्यावर कांदा निवडायला असतात.

पंचवटीतला
मग त्यांना शुल्काबद्दल काय वाटलं, हे किटलीपाशी कळलं का?

लासलगावचा
नाही कळलं. आमच्या घरातलीलाही मी विचारलं नव्हतं.

गंगापूररोडकर
आज मावसभावाला फोन लावला. पहिलंच वाक्य: "कोणी सांगितलं तुला फोन करायला?"