व्हर्च्युअलबॉक्सच्या विंडोज ७ मध्ये वजनकाटा दिसत नाही, नेटवर्क पण लागेना

केळीवाला_सावदा:
राम राम मंडळी. सावद्याला आमचा केळीचा काटा आहे, पावतीचं सॉफ्टवेअर जुनं, विंडोज ७ च्या पुढे चालतच नाही, आणि ज्यानं बनवलं तो आता फोन उचलत नाही. म्हणून उबुंटू २२.०४ (लिनक्स) वर व्हर्च्युअलबॉक्स ७, म्हणजे एका पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून त्यात विंडोज ७ बसवलं. काट्याची केबल यूएसबी-सिरियलवाली, स्वस्तातली. पण यूएसबीचा मेनू रिकामा. दुसरी भानगड, काउंटरच्या पीसीवरून या विंडोजचं शेअर फोल्डर उघडायचंय तर याचा आयपी १०.०.२.१५ नि काउंटरचा १९२.१६८.१ वाला, पिंगच होत नाही. सकाळपासून पावत्या हातानं लिहितोय.

टर्मिनल_भाऊ:
मेनू रिकामा म्हणजे बहुतेक तुमचा उबुंटूचा युजर व्हीबॉक्सयुजर्स ग्रुपात (यूएसबी आत द्यायची परवानगी असलेल्या) नाही. टाका आणि पूर्ण लॉगआउट करून परत या, नुसतं व्हर्च्युअलबॉक्स बंद-चालू करून भागत नाही, मी यातच अर्धा दिवस घालवलाय. एक्स्टेन्शन पॅक (जादा सोयींचं वेगळं पॅकेज) शोधू नका, ७.० पासून यूएसबी २ आणि ३ मूळ पॅकेजातच आहे. सेटिंगमध्ये यूएसबी कंट्रोलर मात्र २.० ठेवा, विंडोज ७ कडे ३.० चा स्वतःचा ड्रायव्हर नाही.
१०.०.२.१५ म्हणजे नेटवर्क नॅट मोडवर आहे. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून कुणी आत येत नाही. ब्रिज्ड करा, म्हणजे आतलं विंडोज थेट तुमच्या राउटरच्या नेटवर्कात येईल.

केळीवाला_सावदा:
ग्रुपचं झालं, केबल मेनूत आली, पण विंडोजमध्ये पिवळं चिन्ह. आणि ब्रिज्ड केल्यावर आयपी १६९.२५४ नं सुरू होणारा आला, हे काय नवीन?

धुळेकर_७२:
भाऊ, वायफायवर ब्रिज्ड मारलं ना? तठेच गोम शे. १६९.२५४ म्हणजे राउटरनं आयपी दिलाच नाही म्हणून विंडोजनं स्वतःच घेतला, वायफायवर ब्रिज्डचा भरवसा नसतो. लॅनची वायर लावा आणि यादीत ई-एन नं सुरू होणारं नाव निवडा, डब्ल्यू-एल वालं वायफाय असतं. आयपी हातानं द्या आणि गेटवे रिकामा सोडा, म्हणजे काउंटरला दिसेल पण इंटरनेटवर जाणार नाही. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० लाच संपलाय.
काट्याचं म्हणाल तर यूएसबी आत पाठवूच नका. मेनूतली टिक काढा, व्हीएम (आतलं विंडोज) बंद करा, सिरियल पोर्टमध्ये कॉम१ चालू करून होस्ट डिव्हाइस निवडा आणि खाली उबुंटूच्या टीटीवाय-यूएसबी-शून्यचा पाथ टाका. विंडोजला मग ड्रायव्हर लागतच नाही. युजर डायलआउट ग्रुपात (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी) पण हवा. आणि केबल १ए८६:७५२३ आयडीची, म्हणजे सीएच३४० वाली असेल तर २२.०४ मधलं बीआरएलटीटीवाय (अंधांसाठीचे ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्राम) तिला ब्रेल डिस्प्ले समजून धरून बसतं, ब्रेल लागत नसेल तर ते काढून टाका.

केळीवाला_सावदा:
तीच केबल निघाली! आमच्या काट्याला ब्रेल समजत होतं लेकाचं. काढल्याबरोबर पोर्ट आला, कॉम१ चा वेग ९६०० ठेवला आणि आकडा हलायला लागला, हमालांनीच आधी पाहून आरोळी ठोकली. शेअर फोल्डर पण उघडलं. वायर सध्या खिडकीतून ओढलीये, उद्या पट्टी मारतो.