मदत हवी आहे: लॉकडाऊनमध्ये मैदानाकडेला आलेल्या भाजीवाल्यांची नोंद कशी करायची?

नमस्कार मंडळी. गोव्यात बार्देश तालुक्यातल्या एका शहरात राहतो. २०२० मध्ये बाजार बंद झाला तेव्हा तिथल्या पाच-सहा बायका आमच्या कॉलनीच्या मैदानाकडेला भाजी घेऊन बसायला लागल्या, चुन्याने आखलेल्या गोलांत आम्ही रांगा लावायचो, आणि नंतर बाजार उघडला तरी त्या तिथेच राहिल्या कारण गिऱ्हाईक इथलंच झालं होतं. संध्याकाळी म्हातारी माणसं तांबडी भाजी घ्यायला येतात ती तासभर गप्पा मारत थांबतात, पूर्वी या कोपऱ्यात कुत्रंसुद्धा फिरकत नसे. आता या भाजीवाल्या बायकांना तोंडी सांगितलंय की जागा सोडा.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यात विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं देईपर्यंत उठवता येत नाही असं आहे, ते मी वाचलंय. रहिवाशांच्या सह्यांचं निवेदन दिलं, पोच आहे, उत्तर नाही. एकीने पीएम स्वनिधीच्या, म्हणजे पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतल्या, तेव्हाच्या १०,००० रुपयांच्या कर्जासाठी विचारलं होतं, पण २४ मार्च २०२० किंवा त्याआधीपासून विक्री करत असल्याचा कागद लागतो असं तेव्हा म्हणाले, तो कुणाकडेच नाही. सोपो, म्हणजे बसण्याचा बाजारकर, रोज भरतात, पावत्या मात्र मागच्या वर्षभराच्याच जपल्यात. मैदान खाजगी नाही, पोरांची खेळायची जागा अडत नाही, आणि कोर्टात जायची त्यांची ऐपत नाही.

गोव्यात कुणी हे केलंय का? लॉकडाऊननंतर जागा बदललेल्यांना सर्वेक्षणात नव्या जागेवर धरतात की जुन्या, आणि त्यासाठी नगर पथविक्रेता समितीकडे अर्ज नेमका कुणाच्या नावाने करायचा, विक्रेत्यांच्या की आम्हा रहिवाशांच्या?