पाच मुलगे असूनही जमिनी मुलींकडे कशा?

नौपाड्याहून: लेकीला इतिहास शिकवताना विल्यम मार्शलपाशी अडकले. इंग्लंडमधला बडा सरदार, पेम्ब्रोकचा अर्ल, १२१९ मध्ये वारला, मागे पाच मुलगे. तरी जमिनी शेवटी मुलींकडे? तिथे थोरल्यालाच सगळं मिळायचं ना?

कळव्याहून: ताई, थोरल्यालाच मिळालं. पण तो १२३१ मध्ये निपुत्रिक गेला. मग रिचर्ड, गिल्बर्ट, वॉल्टर, अँसेल्म असं पाठोपाठ हातात येत गेलं. गिल्बर्ट १२४१ मध्ये भालेझुंजीत घोड्यावरून पडून गेला. शेवटचे दोघे १२४५ मध्ये महिन्याभरात! औरस मूल एकालाही नाही. मुलगा नसला की मुलींना सारखे वाटे, हा तिथला नियम. म्हणून पाच बहिणींच्या शाखांत वाटणी झाली.

वाशीहून: आणि बरीचशी इस्टेट मुळात आईचीच, इसाबेल डी क्लेअरची. विल्यम धाकटा, बिनजमिनीचा. ११८९ च्या लग्नाने नशीब फिरलं. हे विसरलं जातं, मला फार खटकतं.

नौपाड्याहून: आता उलगडलं, आभार! आजोबांच्या घराचे कागद काढले तेव्हा आत्यांची नावं पेन्सिलीने खोडलेली दिसली होती. धाकटी आत्या अजून आहे. रविवारी जाऊन तिला इसाबेलची गोष्ट सांगते.